रडणं संपेपर्यंत

दुबईला जाऊन आलो म्हटलं की आमच्या पेठेतले लोक पहिल्यांदा सोन्याचा भाव विचारतात आणि मग उंटावर बसलात का, असं विचारतात. सोनं मी घेतलं नाही. उंटावर बसलो नाही, कारण बासष्टाव्या वर्षी माझे गुडघे खुर्चीवरूनही कुरकुरत उठतात. शिवाय माझा मुलगा अनिरुद्ध दुबईत राहत नाही, तिथून दीड तासावरच्या अल ऐनला राहतो. हे मी निघण्यापूर्वी वीस जणांना सांगितलं आणि परत आल्यावर त्याच वीस जणांनी "काय म्हणतंय दुबई?" असं विचारलं. त्यांना मी "छान आहे" एवढंच सांगत आलो. खरं काय झालं ते इथे लिहितो आहे.

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दर वर्षी सहामाहीला 'परोपकार' हा निबंध असे. त्यात झाड, नदी आणि गाय हमखास यायची. मुलं पाठ करून लिहीत आणि मी दहापैकी सात गुण देत असे. माणूस त्या निबंधात कुठेच नसे, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

अल ऐन

ते अठ्ठ्याण्णव साल होतं. माझी बायको नलिनी जाऊन तीन वर्षं झाली होती. "बाबा, एकटे काय भिंती बघत बसता, या इकडे," असं अनिरुद्धने चार वेळा कळवलं, तेव्हा जानेवारीत गेलो.

अल ऐन हे वाळवंटाच्या मधोमध असलेलं शांत गाव आहे. रुंद रस्ते, गोल चौक आणि चौकाचौकांत हिरवळ. एवढी नीटनेटकी हिरवळ की पुण्यात ती दिसली असती तर तिच्यावर संध्याकाळपर्यंत भेळेची गाडी लागली असती. गावाच्या पोटात खजुरीची मोठी राई आहे. तिच्यातून दगडी पाटाने पाणी खेळवलंय. पायी चालणारा माणूस मात्र दिसत नाही, जो तो गाडीत. मी सकाळी चालायला निघालो की गाड्या हळू होत आणि आतले लोक मला काही झालंय का, असं बघत.

सून मेधा बाजारातून आली की आधी दिरहममध्ये आणि मग रुपयांत भाजीचा भाव सांगायची. फ्लॉवरचा रुपयांतला भाव ऐकल्यावर तो मला गोड लागेना. सहा वर्षांची नात ईशा माझ्याशी इंग्रजीत बोलायची. "ईशा, आजोबांशी मराठीत बोल," असं म्हटलं की "ओके, आजोबा" म्हणायची आणि पुन्हा इंग्रजीत सुरू.

चौथ्या दिवशी माझी फजिती झाली. राईच्या कडेला बाकावर बसलो आणि खिशातून मेधाने दिलेला तिळाचा लाडू काढून खायला लागलो. समोरून जाणारा एकजण थांबला, त्याने मान हलवली. दुसऱ्याने हाताने काही खुणा केल्या. मला वाटलं, लाडू मागतोय. मी पुढे केला. तेवढ्यात मागून कोणी तरी चक्क मराठीत म्हणालं, "अवो काका, रोज्याचे दिवस हायत. रस्त्यावर नाय खायचं. पोलीस बघल. चला आत."

रमजान चालू होता आणि दिवसा उघड्यावर खाणं तिथे गुन्हा आहे, हे अनिरुद्धने मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा "हो हो" म्हटलं होतं.

तो माणूस म्हणजे इब्राहिम परकार. मूळचे दापोलीकडचे, साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, गळ्यात शिंप्याची टेप. माझ्या पिशवीतल्या मराठी वर्तमानपत्रावरून त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी मला आपल्या शिलाईच्या दुकानात नेलं, पडद्यामागे स्टुलावर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "आता खावा बिनघोर." स्वतःच्या तोंडात पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता. मी म्हटलं, "तुमच्यापुढे कसं खाऊ?" तर म्हणाले, "रोजा माझा हाय. तुमी कशाला उपाशी?"

मी मास्तर होतो हे कळल्यापासून ते मला गुरुजी म्हणायला लागले आणि मी रोज दुपारी त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागलो.

परकारभाईंचं दुसरं काम

त्यांच्या शिलाईच्या टेबलाला एक खण होता. त्यात सुईदोरा नव्हता. पासपोर्टच्या प्रती, दवाखान्याचे दाखले, फोटो होते. अल ऐनमध्ये आणि आसपासच्या बांधकामांवर, शेतांवर आपल्याकडचा कोणी गडी मेला, आणि त्याचं तिथे कोणी नसलं, की निरोप परकारभाईंकडे यायचा. मग ते कागद करायचे. दवाखान्याचा दाखला, पोलिसांचं पत्र, अबू धाबीला वकिलातीचा शिक्का, मग मृतदेह दुबईला नेऊन औषध भरून पेटीत बंद करायचा आणि विमानावर चढवायचा. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, कोणीही. वीस वर्षं हे चालू होतं. त्यासाठी ते मशीन बंद करून दिवस दिवस फिरत. गिऱ्हाईक आलं तर दारावरची 'बंद'ची पाटी बघून परत जाई.

"पण तुम्ही का करता हे?" मी विचारलं. माझ्या डोक्यात तो निबंध होता.

"का म्हंजे?" परकारभाईंना प्रश्न कळेचना. "तो तिकडे फ्रीजमदे पडलाय नाय का? कोन बघणार?"



सगळ्यांत अवघड काम कुठलं, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, सही-शिक्के सांगतील. ते म्हणाले, "घरी फोन करायचा. बाकीचं सगळं चालून होतं. हे बसून करायला लागतं."

त्यांची पद्धत ठरलेली होती. नाव घ्यायचं आणि 'गेले' म्हणायचं. आजारी आहे, सिरीयस आहे, असलं काही नाही. मग पलीकडे आकांत सुरू होतो. तेव्हा फोन ठेवायचा नाही, समजूतही घालायची नाही. रडणं संपेपर्यंत थांबायचं. संपलं की पलीकडचा माणूस स्वतःच काही तरी विचारतो, मग बोलायचं. "मी एकदाच खोटं बोललो होतो, पयल्या वर्षी," ते म्हणाले. "परत नाय बोललो." त्या वेळी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अशोक घाडगे

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मी दुकानात गेलो तर परकारभाई बाहेर पडायच्या तयारीत होते. अशोक घाडगे नावाचा गवंडी रात्री झोपेत गेला होता. वय छत्तीस. सांगली जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागातला. घरी बायको सुमन आणि भाऊ बाळू. गावात एका किराणा दुकानात फोन होता, त्याचा नंबर त्याच्या उशीखालच्या वहीत सापडला. रमजानमुळे कचेऱ्या दुपारीच बंद होणार होत्या. पोलिसांचं पत्र तेवढ्यात मिळवायचं होतं आणि फोनही करायचा होता.

"फोन मी करतो," मी म्हणालो.

परकारभाई माझ्याकडे बघत राहिले. "जमल काय गुरुजी?"

"बत्तीस वर्षं बोलण्याचंच काम केलंय."

खरं सांगायचं तर मला त्या चांगल्या कामात वाटा हवा होता. थोड्या दिवसांनी पुण्याला गेल्यावर सांगता आलं असतं. परकारभाईंनी फोनकार्ड आणि नंबर दिला आणि ते निघून गेले.

कोपऱ्यावरच्या बूथमधून फोन लावला. दुकानदाराने "घाडग्यांच्या सुमनला बोलवा रं" अशी हाक दिल्याचं ऐकू आलं. मी दहा मिनिटांनी पुन्हा लावला. ती धावत आली असावी, कारण दम लागला होता.

"हॅलो, कोन? त्येच हायत का?"

त्या आवाजात एवढा आनंद होता की 'गेले' म्हणायचं राहूनच गेलं. मी नाव सांगितलं, गुरुजी आहे म्हणालो, अशोकच्या ओळखीचा आहे म्हणालो. आणि मग म्हणालो, "अशोकची तब्येत जरा बरी नाही. दवाखान्यात आहे. आम्ही त्याला घरी पाठवतोय."

"आवं, काय झालं? त्यास्नी द्या की फोन."

"आत्ता झोप लागलीय त्यांना. औषधाची."

 मग ती हळू आवाजात, जणू तो शेजारच्या खोलीत असावा तसं बोलली, "निजल्यात व्हय? मग उठवू नगा. निजू द्या."

मी फोन ठेवला. मनात म्हटलं, बरं झालं, एकदम धक्का बसला असता. आपल्याकडे असंच सांगतात. हळूहळू कळेल. घरचे लोक समजून घेतात.

संध्याकाळी परकारभाई आले. रोजा सोडायची वेळ होती. खजूर तोंडात घालण्यापूर्वी त्यांनी विचारलं, "सांगितलंत?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी एक खजूर माझ्या हातावर ठेवला. मी तो खिशात घातला. कितीतरी दिवस तो तसाच कोटाच्या खिशात होता.

मेधाचं हळदीकुंकू

कागदांना आठवडा लागला. रविवारी सकाळचं विमान ठरलं. माझं परतीचं तिकीट त्याच सुमाराचं होतं, म्हणून परकारभाई म्हणाले, "गुरुजी, कागद घेऊन तुमीच जावा त्याच्यासंगती. सोबत होईल." कोणाची कोणाला, ते काही बोलले नाहीत. मी किराणा दुकानदाराला फोन करून विमान सांगितलं. "बरा हाय का आता गडी?" त्याने विचारलं. मी "तारीख तेवढी सांगा" म्हणून फोन ठेवला. तेव्हाही सांगता आलं असतं.

तिथे शुक्रवारची सुट्टी असते, म्हणून मेधाने हळदीकुंकू शुक्रवारी ठेवलं. दुपारी चारपासून बायका यायला लागल्या. अल ऐनमधल्या पंधरा-वीस मराठी बायका, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, उखाण्यांना हसणं. पुण्यात असतं तसंच सगळं, फक्त अत्तरदाणीऐवजी उदाचा धूप. मी आतल्या खोलीत ईशाबरोबर तिळगूळ वळत बसलो होतो. एक बाई मुलासकट लांबून आली होती. तिचा नवरा रुवैसला रिफायनरीत होता, आठवड्याला घरी यायचा. मेधा तिला कुंकू लावत म्हणाली, "अखंड सौभाग्यवती हो गं, आणि त्यांना लवकर बदली मिळू दे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. संक्रांत होऊन गेली होती. त्या गावातही हेच झालं असणार. सुमनने काळी साडी नेसली असेल, नव्या बांगड्या भरल्या असतील, आजारी नवऱ्यासाठी जरा जास्तच मनापासून दाराशी हात जोडून वाण दिलं असेल. आणि ज्याच्यासाठी दिलं तो दोन दिवस आधीच गेलेला होता. उद्या हे कळल्यावर गाव तिला काय म्हणेल, आणि ती स्वतःला काय म्हणेल? हे सगळं तिच्याकडून मी करवलं होतं.

माझ्या हातातला लाडू फुटला. ईशा म्हणाली, "आजोबा, यू ब्रोक इट."

बायका गेल्यावर मी अनिरुद्धला सगळं सांगितलं. त्याने आधी मांडलेल्या खुर्च्या भिंतीशी लावल्या. मग म्हणाला, "बाबा, माझ्याशीही असंच केलंत ना."

मला एकदम कळलं नाही.

"आई गेली तेव्हा. तुम्ही फोनवर म्हणालात, आई सिरीयस आहे, निघ. मी विमानात पूर्ण वेळ देवाशी सौदे करत होतो. हे सोडेन, ते करेन. आणि ती सकाळीच गेली होती." तो चिडून बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "मला माहीत आहे, तुम्ही माझ्यासाठीच केलंत."

मी मान हलवली, पण ते खरं नव्हतं. तेव्हाही मला त्याचं रडणं ऐकवलं नसतं, म्हणून मी तसं बोललो होतो. तीन वर्षं मी ते प्रेमाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

शनिवारी सकाळी परकारभाईंकडे गेलो. त्यांना सांगताना माझी मान वर होत नव्हती. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मशीन थांबवलं, टोपी घातली आणि म्हणाले, "यल्ला, चला बूथवर." या खेपेला फोन त्यांनी लावला. दुकानदार म्हणाला, सुमन आणि बाळू कालच मुंबईला गेले. दवाखान्यात खाट मिळते का, ते आधी बघून ठेवायला. कुठे उतरलेत ते माहीत नाही.

परकारभाई बूथच्या बाहेर आले आणि कठड्यावर बसले. रोज्याने त्यांचे ओठ सुकले होते. "खलास," ते म्हणाले. "आता तुमीच सांगायचं गुरुजी. विमानतळावर."

"तुम्ही याल का हो बरोबर?" मी विचारलं. बासष्ट वर्षांचा माणूस, पण लहान मुलासारखं विचारलं.

"मी कसा येणार? अजून दोघं पडल्यात तिकडे." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाव घ्यायचं. 'गेले' म्हणायचं. पुढं एक शब्द जोडायचा नाय. आणि रडणं संपेपर्यंत हलायचं नाय."

परतीचा प्रवास

रविवारी पहाटे अनिरुद्धने मला दुबईच्या विमानतळावर सोडलं. वाटेत दोन्ही बाजूंनी चांदण्यात वाळूच्या टेकड्या दिसत होत्या, तारेच्या कुंपणापलीकडे उंट उभे होते. येताना हेच बघून मी मुलासारखा हरखलो होतो. आता मांडीवर कागदांचं पाकीट घेऊन बसलो होतो. अनिरुद्ध निरोप घेताना पाया पडला आणि पहिल्यांदाच त्याने मला घट्ट मिठी मारली. "सांगा तिला बाबा," एवढंच म्हणाला.

विमानात शेजारी बसलेला तरुण घरी लग्नाला चालला होता. त्याने मला बिस्किटं दिली. मी खाली, पायांच्याही खाली, सामानाच्या जागेत असलेल्या पेटीचा विचार करत होतो. मी मनात ते एकच वाक्य म्हणत राहिलो. अशोक गेले. अशोक गेले. शाळेत मुलांकडून कविता घोकून घेतल्यासारखं.

मुंबईत सकाळचे अकरा वाजले होते. बाहेरच्या कठड्याला लोकांची गर्दी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं. गडद काळ्या साडीवर कोणाची तरी शाल, एका हातात पुरुषी कानटोपी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. हातभर हिरव्या बांगड्या. शेजारी बाळू चाकाची खुर्ची धरून उभा होता. ती त्यांनी कुठून तरी मागून आणली होती.

मी जवळ गेलो. "सुमनताई?"

"गुरुजी व्हय तुमी?" तिचा चेहरा खुलला. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे दाराकडे बघत होती. "ते मागनं येत्यात का?"

"अशोक गेले," मी म्हणालो.

पुढे एक शब्द जोडला नाही. जोडण्यासारखे हजार मनात आले.

बाळूने खुर्चीचा दांडा सोडला. "आवं, काय बोलताय? तुमी म्हनालात दवाखान्यात…" आणि तो तिथेच खाली बसून ओक्साबोक्शी रडायला लागला.

सुमन उभीच होती. ती दाराकडेच बघत होती. नजर न वळवता तिने विचारलं, "कवा?"

"मी पहिला फोन केला त्याच्या आदल्या रात्री."

तिचे ओठ हलले. ती दिवस मोजत होती. "म्हंजे संक्रांतीला…"

"हो."

"मी पाच घरी वान दिलं," ती म्हणाली. "बायास्नी म्हनलं, माझ्या धन्यासाठी मागा. त्यांनी मागितलं. तुमी म्हनालात निजल्यात."



तिने बांगड्यांचे हात शालीच्या आत ओढून घेतले, कोणी बघू नये म्हणून. डबा मात्र बाहेरच राहिला. मग तो तिने माझ्या हातात दिला. रागाने नाही, धरायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून. त्यात तिळगूळ होता.

मालाच्या गोदामातून पेटी मिळायला दुपारचे तीन वाजले. शववाहिका आली, बाळूने कागदांवर सह्या केल्या. मला पुण्याच्या गाडीची वेळ झाली होती, पण मी सुमनच्या शेजारी भिंतीला टेकून उभा होतो. परकारभाईंनी सांगितलं होतं, रडणं संपेपर्यंत हलायचं नाही. मी थांबलो होतो, पण ती रडलीच नाही. पेटी गाडीत ठेवली तेव्हा नाही, गाडी सुरू झाली तेव्हाही नाही. तिने फक्त काच थोडी खाली केली आणि हात पुढे केला. मी डबा तिच्या हातात दिला.

गाडी गेली. मी तिथेच उभा होतो. आता निघावं की नाही, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.